भिवा म्हात्रेचा आवाज

१

भिवा म्हात्रे वाफ्यात पालथा सापडला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावरचं पाणी सकाळच्या उन्हात सुकून पाठीवर मिठाची पांढरी साय धरली होती. मीठ असं तासाभरात धरत नाही. म्हणजे म्हातारा आदल्या संध्याकाळपासूनच तिथे पडलेला असणार, असं वासंतीच्या मनात आलं, आणि असलं काही आपल्याला सुचावं याची तिला शरम वाटली.

छप्पन सालचा फाल्गुन होता. कोपरीच्या मिठागरात मीठ ओढायचे दिवस. पण कामाला हात कुणी लावला नव्हता. बांधावर गर्दी होती, गर्दीच्या मधोमध ठाण्याचे फौजदार उभे होते, आणि त्यांच्या शिपायांनी भिवाचा पुतण्या रघु याला दोन्ही दंडांना धरलं होतं.

"मानेवर बोटांचे वळ आहेत," फौजदार सांगत होते. "आणि पाय बघा, अनवाणी. म्हणजे आपल्या पायांनी वाफ्यात उतरला. परक्यासोबत नाही उतरत कोणी. काल सकाळीच या रघूचं आणि त्याचं भांडण झालं, सगळ्या आळीनं ऐकलंय."

भांडण कशावरून झालं ते वासंतीला ठाऊक होतं. तिच्यामुळेच झालं होतं.

वासंती कर्णिक नौपाड्यातल्या 'मुक्त अर्थविचार केंद्रा'त नोकरीला होती. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून केंद्राची दोन ध्वनिमुद्रण यंत्रं तिच्या ताब्यात. यंत्रं स्वित्झर्लंडहून आलेली. तिथे मोठी संस्था होती आणि देशोदेशी तिची अशीच केंद्रं होती. सगळीकडून एकच म्हणणं छापून निघायचं: सरकारने धंद्यात पडू नये, सहकाराचं लोढणं काढावं, बाजाराला मोकळं सोडावं. कोपरीची मिठागरं कामगारांच्या सोसायटीला द्यायची की लिलावात काढायची, हे ठरवायला शनिवारी सरकारी समिती ठाण्यात बसणार होती. केंद्राने तिच्यापुढे कामगाराचाच आवाज ठेवायचं ठरवलं होतं. तो आवाज भिवाचा. सोमवारी वासंतीनेच बटण दाबून तो वार्ताहरांना ऐकवला होता, आणि मंगळवारच्या पेपरात आलं होतं की जुन्याजाणत्या कामगारालाच सोसायटी नको आहे. रघु त्या सोसायटीचा चिटणीस.

शिपाई रघूला घेऊन तिच्यासमोरून गेले. तो थांबला.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्या त्या मशीननं माझा काका खाल्ला. आता मना पण खाईल."

२

वासंतीचे पाय घराकडे वळत होते, पण ती गेली भिवाच्या घरी. त्याची बायको बायजा ओट्यावर बसली होती. रडून झालं असावं.

"तू त्या हापिसातली ना? बस."

"आजी, काल ते कुठे निघाले होते?"

"साहेबाकडं. रघ्यानं पेपर वाचून दाखवला. बोलला, काका, तू असा कसा बोललास? हा बोलतो, मी असा बोललूच नाय. दोघंही ताडताड बोलले. मग हा बोलला, जाऊन साहेबालाच विचारतो, माझ्या तोंडात हे कोनी घातला. नाय ऐकला तर शनिवारी कमिटीपुढं मीच बोलतो."

"कुठल्या साहेबाला?"

"माझ्यासाठी सगळं एकच गो. दुपारी निरोप धाडला होता हापिसात, सांजचा येतो म्हणून. जन्मभर हा मानूस अनवाणी फिरला. साहेबाकडं जायचं म्हणून जावयानं दिलेल्या वहाणा काल पयल्यांदा पायात घातल्या. नव्या कोऱ्या. करकर वाजत गेला. मी हसली."

वासंतीने वर पाहिलं. "पण ते अनवाणी सापडले."

बायजाने आधी रस्त्याकडे नजर टाकली. मग म्हणाली, "रघ्यानं काढल्या. रातीला वाटला, शीळफाट्याच्या हळदीला गेला असंल. सकाळी मी आणि तो शोधत गेलो. हा वाफ्यात, पायात वहाणा. रघ्या धावला आणि आधी त्याच्या वहाणा काढल्या. मग मान उचलून बघितली."

"का काढल्या?"

बायजाला प्रश्नच कळला नाही. "वाफ्यात वहाणा? बाय, आम्ही ती जमीन पायांनी तुडवून आरशासारखी करतो. तिथं चप्पल घालून कोनी उतरत नाय. मेला म्हणून काय झालं? लोकांनी बघितला असता तसा."

"फौजदारांना सांगितलंत?"

"रघ्यानं सांगितला. ते बोलले, चांगली बनवलीस." तिने पदराने तोंड पुसलं. "वहाणा त्या खोलीत हायत. आता आमच्या घरातल्या वहाणा, कोन इश्वास ठेवील."

भिवा स्वतःहून वाफ्यात उतरला असता, तर वहाणा बांधावर राहिल्या असत्या. त्या पायात होत्या, म्हणजे त्याला बांधावरून लोटलं, आणि लोटणाऱ्याने त्या काढल्या नाहीत, कारण त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही. रघूचा हात मात्र विचार करायच्या आधी तिथे गेला होता. आपल्या सुटकेचा एकुलता एक पुरावा त्याने आपल्याच हाताने नाहीसा केला होता.

"आणखी कोणी पाहिल्या त्या वहाणा? वाटेत कुणी?"

"इथून बांधावरनं निघाला, तिथंच संपला. मी, रघ्या." बायजा थांबली. "आणि ज्यानं मारला तो."

३

काळुराम शेठ मिठागराचे जुने ठेकेदार. कोपरीतलेच, बापजाद्यांपासूनचे. लिलावाची बाजू ते उघड घेतात असं म्हणत. वासंती गेली तेव्हा ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"या. केंद्रवाली बाई आमच्याकडे? आता माझा पण आवाज डब्यात भरणार काय? माझा घसा खराब आहे, सांगून ठेवतो."

"भिवांबद्दल विचारायचं होतं."

"विचारा. फौजदारांनी पण विचारला. मी शीळफाट्याला भाचीच्या हळदीला. अर्धी कोपरी तिथंच होती, जेवनं होऊन उजाडता आलो." अडकित्ता थांबला. "मी काय लिलावासाठी भिव्याला मारीन? अहो, लिलाव झाला तर मुंबईची कंपनी बोली लावेल. तिच्यापुढं काळुराम म्हणजे कोण? तुमचे ते साहेब बोलतात, बाजार मोकळा करा. मोकळा कोणासाठी, ते विचारलात कधी?"

"मग तुम्ही त्यांच्या सभेला बसलात कशाला?"

"चहा चांगला असतो." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "खरं सांगू? सोसायटी आली तरी मी जाणार, कंपनी आली तरी जाणार. भिव्याबरोबर मी पोरपणी वाफे तुडवले. सकाळी बघितला तर अनवाणी पडलेला, आपल्याच माणसासारखा. म्हटलं, निदान पायांनी तरी मातीचा मान ठेवला."

काळुराम शेठनाही भिवा अनवाणीच दिसला होता. म्हणजे वहाणांची गोष्ट अजून त्या ओट्याच्या आणि फौजदारांच्या पलीकडे गेलेली नव्हती.

"बाई," जाताना ते म्हणाले, "तो परशुराम आहे ना तुमचा, आवाज भरून नेणारा. तुम्ही भिव्याच्या ओट्यावर होतात, तवा तो समोरच्या चिंचेखाली उभा होता. लपून."

४

केंद्रात शुकशुकाट होता. संचालक गोपीनाथराव समितीच्या कामासाठी बाहेर गेले होते. वासंतीने दार लोटून घेतलं, भिवाचं रीळ यंत्रावर चढवलं आणि कानांवर हेडफोन घट्ट बसवले.

हे रीळ तिने अनेकदा ऐकलं होतं. पण तेव्हा शब्द ऐकले होते. आता तिने शब्द सोडून दिले.

मुद्रण पौषातलं, वाफ्यांची जमीन तयार करतानाचं. मागे तुडवणाऱ्यांचं गाणं चालू होतं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीने पुढे सरकतात. डावा पाय हलका, उजवा जड. या बांधापासून त्या बांधापर्यंत ओळ मध्ये थांबत नाही. थांबली तर तिथली माती वेगळी सुकते आणि पुढे मीठ काळं येतं. हलका, जड. हलका, जड.

परशुरामचा आवाज आला: "सोसायटी झाली तर तुम्हाला चालेल का?" त्याच्या शेवटच्या अक्षराखाली जड पाय पडला.

भिवाचा आवाज आला: "नको रे बाबा. मना नको. आमी मेलो तरी त्यांच्या हाताखाली जानार नाय." पहिल्या 'नको'खाली पुन्हा जड पाय.

तिने रीळ मागे नेलं. जड, आणि लगेच जड. मधला हलका पाय नव्हता. गाण्याची ओळही अर्ध्यातून उडून भलत्याच शब्दावर गेली होती.

एका माणसाचा पाय चुकतो. अख्ख्या ओळीचा एकदम चुकत नाही.

टेप तिने बोटांनी तपासली. जोड कुठेही नव्हता. म्हणजे आधी मूळ टेप कापून चिकटवली, आणि मग त्या यंत्रावरून या यंत्रावर नक्कल काढली. दोन यंत्रं जोडून नक्कल कशी काढतात ते केंद्रात तिच्याखेरीज दोघांनाच येत होतं, परशुरामला आणि गोपीनाथरावांना. तिनेच शिकवलं होतं.

मागे श्वास ऐकू आला. परशुराम दारात उभा होता. त्याने आत येऊन कडी लावली.

वासंती उठली. खिडकीला गज होते.

"ऐकलंत ना तुम्ही?" तो म्हणाला. हा साताऱ्याकडचा उमदा मुलगा, एरवी दिवसभर बडबड करणारा. आता त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ओरडू नका. मी दोन प्रश्न विचारले होते, बाई. सोसायटी चालेल का? म्हातारा म्हणाला, चालेल म्हणजे काय, आमचीच आहे. मग विचारलं, लिलावात मुंबईची कंपनी आली तर? तेव्हा तो म्हणाला, नको रे बाबा. मूळ रीळ मी साहेबांना दिलं. पेपरात वाचलं तेव्हा समजलं."

"आणि गप्प बसलात."

"जूनमध्ये मला जिनिव्हाला शिकायला पाठवणार आहेत. आमच्या गावातून पुण्यापुढे कोणी गेलेलं नाही." त्याने नजर चुकवली. "भिवाचा निरोप मीच साहेबांना सांगितला. आता मला रात्रीची झोप नाही. तुम्ही काय काय शोधताय ते बघायला मागे मागे फिरतोय."

"कडी का लावलीत?"

"साहेब आलेत. फाटकात आहेत."

पण निरोप कळला होता तो दोघांना. यंत्रही दोघांनाच चालवता येत होतं. आणि त्यातला एक या क्षणी कडीवर हात ठेवून उभा होता.

५

"वासंती, या," गोपीनाथराव म्हणाले. "परशुराम, जरा चहाचं बघा."

गोपीनाथराव हळू बोलणारे, कुणालाही अगं-अरे न म्हणणारे. कॉलेज सोडून त्यांनी हे केंद्र काढलं होतं. वासंतीच्या वडिलांच्या आजारपणात ते रोज विचारपूस करायला येत. त्यांच्यासमोर बसल्यावर तिला क्षणभर वाटलं, सगळं यांनाच सांगून टाकावं.

"तुम्ही मिठागरावर गेला होतात असं ऐकलं. जायला नको होतं. अशा गोष्टी मनात घर करतात."

"तुम्ही नाही गेलात?"

"मी काल दुपारपासून डोंबिवलीला बहिणीकडे. आज परस्पर समितीच्या लोकांना भेटलो. मला तर ते मिठागर नीट पाहायचंही अजून राहिलंय." त्यांनी उसासा टाकला. "वाईट झालं. पण यातून एक दिसतं. सामान्य माणसाला स्वातंत्र्य हवं असतं आणि संघटना त्याला ते बोलू देत नाही. तिकडच्या लोकांनी हे केव्हाच ओळखलंय. भिवाचा आवाज ते आता सगळ्या केंद्रांना पाठवणार आहेत."

"भिवांना तसंच म्हणायचं होतं, सर?"

"माणसाला काय म्हणायचं असतं ते त्याला नेहमी नीट सांगता येत नाही. आपण त्याला मदत करतो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "सारखं डोळ्यांपुढे येतं. तो रघु जवान. म्हातारा त्याच्यापुढे पळणार तरी किती? बांध निसरडा, त्यात पायात त्या नव्या करकरीत वहाणा, सवय नाही..."

वासंतीने काहीच हालचाल केली नाही. आपण हललो नाही हेच त्यांना दिसेल, हे तिला फार उशिरा कळलं.

गोपीनाथरावांनी मान वळवली. किती वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले कोण जाणे.

"तुम्ही गप्प का झालात?" त्यांनी तितक्याच मऊ आवाजात विचारलं.

कपबशी वाजली. परशुराम ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं का, ते चेहऱ्यावरून समजेना. वहाणांचं महत्त्व त्याला तरी कुठे माहीत होतं?

"काही नाही, सर," ती म्हणाली. "वडिलांची औषधाची वेळ झाली."

"जा. आणि शनिवारी यंत्र तुम्हीच चालवायचंय. तुमच्यावर माझा विश्वास आहे." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लांब, स्वच्छ बोटं. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत त्या बोटांचं वजन खांद्यावर तसंच होतं.

परशुराम तिच्या मागोमाग आला. जांभळी नाक्यावरच्या गर्दीत तिने त्याला वहाणांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि केंद्राकडे परत फिरला.

६

शनिवारी सभागृह भरलं होतं. पुढे समितीचे तिघे, बाजूला गोपीनाथराव, भिंतीला टेकून फौजदार. मागच्या बाकांवर आणि बाकांमधल्या जमिनीवर मिठागरातली माणसं, आपापल्या बायकांसह. परशुराम एका कोपऱ्यात, कुणाकडेही न बघता.

वासंतीने रीळ यंत्रावर चढवलं. ती सांगणार तरी काय? वहाणांबद्दल तिचा शब्द, साहेबांचा शब्द. आणि टेपबद्दल कोण तिचं ऐकणार? तिने फक्त आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

भिवा दालनात बोलू लागला, आणि त्याच्यामागे तुडवणाऱ्यांचं गाणं दालनभर भरलं. मागच्या माणसांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं नवल दिसलं. मग त्यांच्या नकळत पाय हलू लागले. लाकडी जमिनीवर हलका, जड. हलका, जड.

प्रश्न संपला. उत्तर सुरू झालं. आणि सगळ्या दालनाचे पाय एकदम अडखळले.

"कोन चुकला रे?" एक बाई हसून म्हणाली.

"कोनी नाय चुकला," मागून एक म्हातारा म्हणाला. त्या ओळीत तो स्वतः होता. "आमची ओळ चुकत नाय. परत लाव, बाय."

तिने परत लावलं. पाय पुन्हा तिथेच अडखळले. समितीच्या अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. "हे काय आहे?" त्यांनी तिला विचारलं.

"इथे टेप कापलेली आहे," वासंती म्हणाली. "उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे. भिवांनी ते ओळखलं होतं, आणि आज ते इथे येणार होते. ते आले तर कुणाचं नुकसान होतं? रघूचं नाही. रघूला तर ते हवेच होते."

"या मुलीची प्रकृती ठीक नाही," गोपीनाथराव म्हणाले.

तेव्हा परशुराम उठला. "प्रश्न मी विचारले होते. बाई म्हणतात ते खरंय. आणि फौजदारसाहेब, भिवाच्या पायात त्या संध्याकाळी काय होतं?"

"काही नाही. अनवाणी होता."

"त्याच्या बायकोला वेगळं बोलावून विचारा. मग कोठडीत रघूला विचारा. आणि मग आमच्या साहेबांना विचारा, नव्या करकरीत वहाणा त्यांनी कुठे पाहिल्या. बुधवारी ते बोलले तेव्हा मी दारात होतो."

गोपीनाथरावांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले. त्या शांततेत फौजदार भिंतीपासून सुटून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"मी त्याला समजावत होतो," गोपीनाथराव अखेर म्हणाले, जणू वर्गात शंका विचारली होती. "की हे त्याच्याच भल्याचं आहे. तो ऐकेचना. ओरडायला लागला. मला फक्त त्याचा आवाज बंद करायचा होता."

७

रघु सुटला. मिठागरं वर्षभरासाठी सोसायटीकडे गेली, पुढचं पुढे ठरायचं होतं. परशुराम गावी निघून गेला. केंद्र बंद होईल असं वासंतीला वाटलं होतं, पण स्वित्झर्लंडहून छोटंसं पत्र आलं: घडल्याबद्दल खेद, नवे संचालक लवकरच येतील, काम चालू ठेवावं.

तिने राजीनामा लिहिला आणि केंद्रातली यंत्रांची खोली आवरायला गेली. बायजा तिच्यासोबत आली. तिला नवऱ्याचा आवाज हवा होता, तिथे होता तेवढा.

"मूळ रीळ त्यांनी जाळलं, आजी. हे खोटंच उरलंय."

"आनी त्याचा जो आवाज परदेशात गेला तो?"

"तो टपालाने आधीच गेला. तिकडे नकला होतात. कुठे कुठे लावतील सांगता येत नाही."

"म्हणजे तो तिकडं तसाच बोलत बसनार." बायजा खुर्चीवर टेकली. "लिहून कळव ना त्यांना."

"कळवलंय." उत्तर म्हणून आलेलं पत्र तिच्या हातातच होतं. त्यात टेपचा उल्लेख नव्हता.

त्याच टपालाने एक पार्सलही आलं होतं. नव्या संचालकांसाठी. आत एक रीळ, वर कुठल्याशा परक्या देशाचं नाव. वासंतीने ते यंत्रावर का चढवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणी म्हातारा बोलत होता. भाषा अजिबात कळत नव्हती. त्याच्यामागे लांब कुठेतरी घंटा वाजत होती, सावकाश, गुरांच्या गळ्यातली असावी. कुणीतरी काही विचारलं. म्हाताऱ्याने उत्तर दिलं.

घंटेचा नाद अर्ध्यातच कापला गेला.

वासंतीचा हात बटणावरच राहिला. बायजाने यंत्राकडे बोट केलं.

"यो कोन?"

"माहीत नाही."

"यो पण कुनाचा तरी दादला आसंल," बायजा म्हणाली, आणि पदर सावरून यंत्राजवळ सरकून बसली. "परत लाव."